चौथे वर्ष गेले कोठे?

बेंगळुरूतील बहुतांश अभियांत्रिकी महाविद्यालये ज्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याचे मुख्यालय बेळगावला आहे. १९९८ साली ते तेथे स्थापन झाले. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणीची मुले संगणक अभियांत्रिकी शिकण्यासाठी बेंगळुरूच गाठतात. शिक्षण तेच, परीक्षा मंडळही बहुधा तेच; मग बेंगळुरूत अधिक काय मिळते? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. तेथे नोकरी जवळ असते.

नोकरीला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिच्यासाठी पदवीचे चौथे वर्ष मोकळे करून देण्याला. या विद्याशाखेची पहिली तीन वर्षे वस्तुतः पूर्वतयारीची असतात. प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस ही पायाभरणी झाल्यावर विद्यार्थ्याने स्वतः एखादा छोटा कंपायलर रचावा, जाळ्यातील एक यंत्र बंद पडले असता उरलेली यंत्रे एकमताने निर्णय कसा घेतात हे शोधनिबंध वाचून समजून घ्यावे, आणि दोन-तीनदा सपशेल चुकावे, यासाठी चौथे वर्ष आहे. प्रत्यक्षात सातव्या सत्राच्या तोंडावर मुलाखती सुरू होतात आणि उरलेला काळ इंटर्नशिपला जातो. विद्यापीठाच्या २०२२ च्या योजनेत सातवे व आठवे सत्र परस्परांत बदलून घेण्याचीही सोय आहे. हेतू चांगला असेलही. परंतु जे सत्र सोयीनुसार मागेपुढे सरकवता येते, त्यातील विषयांना क्रमाची गरज नाही, असेच आपण त्यातून लिहून देत नाही काय?

यासाठी विद्यार्थ्यांना वा कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. मी तो नियामकांना, म्हणजे आमच्याच वर्गाला देतो. आम्हाला मोजता येते तेवढेच दिसते. २०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण एकास पंधरावरून एकास वीस केले. पुढे २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादाही उठवली. यंत्र व स्थापत्य शाखांच्या जागा कमी करून संगणकाच्या वाढवण्याची चढाओढ त्यानंतर अधिकच तीव्र झाली. जागा एका आदेशाने वाढतात. कंपायलर शिकवू शकणारा अध्यापक आदेशाने निर्माण होत नाही. ज्याला ते शिकवता येते, त्याला त्याच शहरात कितीतरी अधिक वेतन देणारे दार उघडे असते.

जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हा गुणवत्तेकडे लक्ष जाईल अशी आशा होती. आले काय, तर प्रत्येक विषयाच्या अपेक्षित फलनिष्पत्तीचे तक्ते. तपासणीच्या आधी अध्यापक ते भरत बसतात आणि वर्ग रिकामा राहतो. (प्रपत्र भरणे म्हणजेच काम, ही आमची शिकवण त्यांनी फार लवकर आत्मसात केली.)

उद्योगांनाच हे हवे आहे, असा युक्तिवाद केला जातो. त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ साली गणित व संगणन या विषयात बी.टेक. सुरू केले, ते मोजक्या जागांसह. सखोल पायाभूत अभ्यासाला मागणीच नसती, तर त्या जागांसाठी देशभरातून इतकी चुरस झाली नसती. मुलांना काय चांगले हे कळते. ते मोजक्यांनाच मिळावे, ही व्यवस्था मात्र आपण केली आहे.

म्हणून एकच सूचना करतो. महाविद्यालयाने वाढीव जागा मागितल्यास इमारतीचे क्षेत्रफळ विचारण्यापूर्वी विचारावे : गेल्या वर्षी चौथ्या वर्षाचे किती ऐच्छिक विषय कायम अध्यापकांनी प्रत्यक्ष वर्गात शिकवले, आणि किती प्रकल्पांची तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली समोर ठेवून घेतली? हे दोन आकडे संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याची सक्ती असावी. मुलाखतींना सातव्या सत्राची परीक्षा संपेपर्यंत मज्जाव करावा, तोही सर्व महाविद्यालयांना एकाच वेळी. एकट्याने हा नियम पाळणारे महाविद्यालय पुढच्याच वर्षी ओस पडेल. खानापूरचा जो बाप शेताचा तुकडा विकून मुलीला बेंगळुरूला पाठवतो, तो शुल्क चार वर्षांचे भरतो.