सेन्सरसाठी तार हवीच, आणि तीही पीळ दिलेली

घरातले तापमान, टाकीतल्या पाण्याची पातळी, दार उघडे की बंद हे कळवणाऱ्या सेन्सरांच्या वायरिंगबाबत तीन मते सर्रास ऐकू येतात. बिनतारी साधने आल्यावर तारेची गरज उरली नाही, हे पहिले. तार टाकायचीच तर कोणतीही बारीक वायर चालते, हे दुसरे. ती विजेच्या पाइपातूनच न्यावी, हे तिसरे. तिन्ही मते टिकणारी नाहीत.

भाड्याच्या किंवा आधीच बांधून झालेल्या घरात बिनतारी सेन्सर योग्यच. मात्र नव्या बांधकामात तोच नियम लावणे चूक आहे. बॅटरीवरच्या प्रत्येक सेन्सरचा सेल कधी ना कधी बदलावा लागतो, आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब ओलांडताना 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी क्षीण होतात. प्लास्टरपूर्वी टाकलेल्या तारेला या दोन्ही अडचणी नाहीत.

कोणतीही वायर चालते, हे मत टेबलावरच्या हातभर जोडणीपुरतेच खरे. लांब अंतरावर आसपासच्या विजेचा उपद्रव तारेत शिरतो. पीळ दिलेल्या जोडीतल्या दोन्ही तारांवर तो जवळपास सारखाच पडतो. तारेवरून माहिती पाठवण्याच्या आरएस-485 पद्धतीत दोन तारांमधला फरकच वाचला जात असल्याने तो आपोआप वजा होतो. सुट्या वायरीत ही सोय नाही.

तिसरे मत तर धोक्याचे आहे. एकाच पाइपात इन्सुलेशन खराब झाले तर सेन्सरच्या तारेत 230 व्होल्ट उतरू शकतात. म्हणून स्वतंत्र पाइप हवा. विजेचा पाइप ओलांडावा लागलाच, तर काटकोनात ओलांडावा.

मग निवड कोणती? शुद्ध तांब्याची, एकसंध तारांची कॅट-5ई किंवा कॅट-6 केबल. तारेचे टोक ब्लेडने खरवडावे; तांबड्या थराखाली पांढरा धातू दिसला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. त्याचा रोध जास्त, म्हणून ती केबल परत करावी.

या केबलमध्ये चार जोड्या असतात. आरएस-485 ची साखळी एका जोडीने सेन्सरपर्यंत न्यावी आणि दुसरीने, सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या मुख्य पेटीत, परत आणावी. असे केले की खोल्याखोल्यांत वेगळ्या केबली जाऊनही साखळी अखंड राहते. साखळीच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रोधक लावावा. तिसऱ्या जोडीतून वीज द्यावी, चौथी राखीव ठेवावी.

वीज 5 ऐवजी 12 व्होल्टची असावी. कॅट-5ईच्या 30 मीटर लांब जोडीचा जाण्यायेण्याचा रोध सुमारे 5 ओहम भरतो. 200 मिलिअँपिअर घेणाऱ्या सेन्सरपाशी 5 व्होल्टचे 4 च उरतात. 12 व्होल्टवर तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो, घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते आणि सेन्सरजवळचा स्विचिंग रेग्युलेटर 5 व्होल्ट पुरवतो.

शेवटी, प्रत्येक टोकाला खोलीचे नाव लिहावे आणि प्लास्टर होण्यापूर्वी पाइपांचे फोटो काढून ठेवावेत.