चार दिवसांचा मुक्काम

‘देश तसा वेश’ अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. परदेशी जाणारा मनुष्य ती सहज पाळतो; थंड मुलखात गेला की लोकरीचे कपडे अंगावर चढवतो. परंतु वेश बदलणे सोपे, मन वळवणे कठीण! “येथे कायमचे थोडेच राहायचे आहे? वर्षा-दोन वर्षांचाच तर प्रश्न! मग येथली भाषा शिकून काय करायचे?” असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. वरवर तो शहाणपणाचा वाटतो. पण त्यात मोठी चूक आहे.

जळगाव-धुळ्याकडून नोकरीसाठी काही काळ परदेशी गेलेल्या एखाद्या तरुणाची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. खानदेशच्या रणरणत्या उन्हातून तो बर्फाच्या प्रदेशात उतरतो. तेथे कळण्याची भाकरी नसते, वांग्याचे भरीत नसते. अहिराणीचा एक शब्दही कानी पडत नाही. घराच्या आठवणीने त्याचे मन व्याकूळ होते. यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु ते दुःख कवटाळून तो खोलीतच बसून राहिला, तर दोन वर्षे त्याला दोन युगांसारखी वाटतील, आणि शेजाऱ्याचे नावही न कळता तो परत येईल.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी राष्ट्रीय सभेने 1938 साली पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात कोटणीस होते. हे पथक काही काळापुरतेच गेले होते. दुभाष्याच्या मदतीने काम भागवता आले असते. परंतु कोटणीस चिनी भाषा शिकले. पुढे तेथील विद्यार्थ्यांना ते त्याच भाषेतून वैद्यक शिकवू लागले. सोबतचे काही सहकारी स्वदेशी परतले. कोटणीस मात्र मागे राहिले. 1941 साली बेथ्यून रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. चीनची जनता त्यांना आजही आपलाच मानते.

परक्या देशाशी समरस होणे म्हणजे स्वत्व सोडणे, असे मात्र कोणी समजू नये. 1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. तेथील कडाक्याच्या थंडीतही त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नाही. तरीही अमेरिकन विद्यार्थिनींबरोबर इंग्रजीतून शिकून 1886 साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. आपले जपावे आणि दुसऱ्याचे शिकावे, हीच खरी रीत होय.

खानदेशातील मुलांना याचा सराव बालपणापासूनच असतो. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी लेवा बोली, शाळेत प्रमाण मराठी, तर बाजारात सातपुड्यातून आलेल्या माणसाची पावरी! त्या माणसाच्या बोलीला हसण्याऐवजी तिच्यातील दोन शब्द जो शिकतो, त्याची परदेशगमनाची तयारी गावच्या बाजारातच सुरू होते. मुक्काम चार दिवसांचा असला, तरी शेजारी हा शेजारीच असतो. त्याच्या भाषेत त्याची विचारपूस ज्याला करता आली, त्याला कोणताही देश फार काळ परका राहत नाही.