विश्लेषण : प्रोस्टेट कर्करोगाचा रुग्ण वाचला, पण तो कसा जगतोय, हे कोण विचारणार?

प्रोस्टेट कर्करोगाचा रुग्ण उपचारांनंतर किती वर्षे जगला, याची नोंद ठेवली जाते. त्याचा लघवीवर ताबा राहिला आहे का, उपचारांचे सगळे पर्याय त्याला आधी समजावले होते का, घरी गेल्यावर त्रास झाला तेव्हा कुणाला विचारायचे हे त्याला ठाऊक होते का, याची नोंद मात्र क्वचितच होते. ब्रिटनमध्ये हजारो पुरुषांना हे प्रश्न विचारले गेले. आपल्याकडेही ते विचारायला हवेत.

याच आजारात रुग्णाचा अनुभव इतका महत्त्वाचा का?

कारण आजार लवकर सापडला, तर अनेकदा एकाहून अधिक पर्याय समोर असतात आणि जगण्याच्या शक्यतेत फारसा फरक नसतो. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नियमित देखरेख अशा तीन गटांत विभागणी झाली. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३ टक्केच होते. देखरेखीच्या गटात आजार शरीरात पसरण्याचे प्रमाण मात्र जास्त, जवळपास दुप्पट होते.

रोजच्या जगण्यात मात्र मोठा फरक दिसला. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटातील ४६ टक्के पुरुष लघवी गळत असल्याने पॅड वापरत होते. सहा वर्षांनीही हे प्रमाण १७ टक्के होते. देखरेखीच्या गटात ते तेव्हा ८ टक्के, तर रेडिएशनच्या गटात ४ टक्के होते. शस्त्रक्रियेचा लैंगिक क्षमतेवरचा परिणामही सर्वाधिक होता. रेडिएशननंतर काहींना शौचाचे त्रास झाले. हे आकडे रक्ततपासणीतून किंवा स्कॅनमधून मिळत नाहीत. ते रुग्णालाच विचारावे लागतात.

मोजायचे म्हणजे नेमके काय?

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, उपचारांनंतर शरीराचे काय झाले. त्यासाठी ‘एपिक-२६’ ही प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. लघवी गळणे, लघवीला होणारा त्रास, शौच, लैंगिक आरोग्य आणि हार्मोन उपचारांचे परिणाम यांवर तिच्यात २६ प्रश्न आहेत. दुसरी, उपचार घेताना वागणूक कशी मिळाली. दुष्परिणाम आधी सांगितले का? निर्णयात तुमचे मत विचारले का? अडचणीत संपर्कासाठी कुणाचे नाव दिले होते का?

‘तुम्ही समाधानी आहात का?’ हा प्रश्न या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. जीव वाचला म्हणून कृतज्ञ असलेला माणूस त्याला ‘हो’ म्हणणारच. पॅड वापरणारा माणूसही ‘हो’ म्हणेल.

ब्रिटनमध्ये काय उघड झाले?

निदानानंतर दीड ते साडेतीन वर्षे उलटलेल्या ३५ हजारांहून अधिक पुरुषांनी तिथल्या एका पाहणीत उत्तरे दिली. २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ८१ टक्के पुरुषांनी आपली लैंगिक क्षमता खराब किंवा अतिशय खराब असल्याचे सांगितले. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे : निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के पुरुषांना त्यासाठी औषध, उपकरण किंवा समुपदेशन असे काहीही सुचवले गेले नव्हते.

दुष्परिणाम पूर्णपणे टाळणे डॉक्टरांच्या हाती नसते. त्यावर मदत देऊ करणे मात्र असते. अनुभव मोजण्याचा खरा उपयोग हाच. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ पासून प्रोस्टेट कर्करोगाच्या उपचारांचे राष्ट्रीय परीक्षण होते. त्यातही रुग्णांना प्रश्नावली पाठवून रुग्णालयनिहाय निष्कर्ष जाहीर केले गेले आहेत.

आक्षेप कोणते?

वयस्कर आणि जास्त आजारी रुग्ण घेणारे रुग्णालय अशा तक्त्यात वाईट दिसू शकते. त्यामुळे वय, आजाराचा टप्पा आणि इतर व्याधी लक्षात घेऊनच तुलना करावी लागते. सगळेच उत्तर देत नाहीत, हीदेखील मर्यादा आहे. पण मोजमाप अपुरे आहे म्हणून मोजूच नये, हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही. आकडा नसेल, तर ‘आमच्याकडे कुणाची तक्रार नाही’ हेच उत्तर मिळत राहते.

आपल्याकडे काय करता येईल?

केंद्र सरकारचा ‘मेरा अस्पताल’ हा उपक्रम २०१६ पासून एसएमएस, फोन आणि अॅपद्वारे रुग्णांचे अभिप्राय घेतो. स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक, खर्च यांसाठी तो उपयुक्त आहे; एका आजाराचा दीर्घ प्रवास त्यात मावत नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मध्ये आज तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. मराठीसह भारतीय भाषांतील एक छोटी, सामाईक प्रश्नावली या केंद्रांतून राबवणे अशक्य नाही.

ब्रिटनची प्रश्नावली जशीच्या तशी उचलून मात्र चालणार नाही. आपल्याकडे अनेक रुग्णांचे निदान उशिरा होते. त्यामुळे हाडांतील वेदना, हार्मोन उपचारांचा थकवा, प्रवास आणि कर्ज यांचेही प्रश्न हवेत. विचारण्याची पद्धतही बदलावी लागेल. डिस्चार्जच्या काउंटरवर अनेकदा मुलगाच फॉर्म भरतो. वडील त्याच्यासमोर लघवीबद्दल बोलणार नाहीत, लैंगिक प्रश्नांबद्दल तर नाहीच. म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने, उपचार करणाऱ्या टीमबाहेरच्या प्रशिक्षित व्यक्तीने, रुग्ण एकटा असताना विचारावे. उत्तरांत नाव गुप्त राहावे आणि निष्कर्ष जाहीर व्हावेत.

तोवर रुग्णांनी वाट पाहायची गरज नाही. उपचार ठरवताना डॉक्टरांना सरळ विचारा : ‘तुमच्याकडे हाच उपचार घेतलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना वर्षानंतरही पॅड लागतो?’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येणे, ही चांगल्या रुग्णालयाची ओळख ठरायला हवी.