अन्नपूर्णेच्या लेकरांना आतिथ्य कोण शिकवणार?

बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय मराठी घरांतून ठरावीक चर्चा सुरू होतात. अभियांत्रिकी, वैद्यकीय, संगणक ही नावे आदराने उच्चारली जातात. एखाद्या मुलाने वा मुलीने हॉटेल व्यवस्थापनाचे नाव काढले, तर मात्र घरात क्षणभर शांतता पसरते. ‘लोकांची उष्टी ताटे उचलणार का?’ असा प्रश्न येतो. पदवी मिळवून पुढे एम.एस्सी. करण्याची इच्छा त्याने व्यक्त केलीच, तर ‘त्यात आणखी शिकण्यासारखे काय आहे?’ असा दुसरा प्रश्न तयारच असतो. परंतु हाच मुलगा स्वित्झर्लंडच्या विद्यालयात जाणार असे कळले, की तेच पालक घरावर कर्ज काढण्यास सिद्ध होतात आणि सोसायटीत पेढे वाटतात. ताटे दोन्हीकडे सारखीच असतात. आपली लाज मात्र सातासमुद्रापार गेल्यावर गळून पडते!

या मानसिक दास्याचा समाचार घेण्याची वेळ आली आहे.

परक्यांनी आपल्या मातीतून शास्त्र घडवले

लोझान येथील हॉटेल विद्यालय १८९३ साली स्थापन झाले. आल्प्सच्या कुशीत येणाऱ्या प्रवाशांची व्यवस्था उत्तम व्हावी, ही स्विस हॉटेलमालकांची गरज होती. तिच्यातून ते विद्यालय उभे राहिले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९२२ साली हाच विषय सुरू झाला, तोही तेथील हॉटेल व्यावसायिकांच्या आग्रहाने. फ्रान्सच्या एस्कॉफियेने आपल्या देशाच्या पाककलेला शिस्त लावली आणि १९०३ साली तिचा ग्रंथ सिद्ध केला. या सर्वांनी आपल्या अनुभवाचे शास्त्र केले आणि ते जगाला शिकवले. त्यात त्यांचा दोष कोणता? दोष आहे तो त्यांचे शास्त्र हेच एकमेव शास्त्र मानणाऱ्या आपला.

आजही आपल्या हॉटेल व्यवस्थापनाच्या पदवी अभ्यासक्रमात स्वयंपाकाचा पाया म्हणून शिकवले जातात ते फ्रेंच सॉस आणि फ्रेंच संज्ञा. भारतीय प्रांतोप्रांतीचे पदार्थ येतात, पण नंतर. पाया परका आणि कळस आपला, अशी ही उलटी बांधणी आहे.

मुंबईचा विसरलेला इतिहास

भारतातील या शिक्षणाचा आरंभ असा नव्हता, हे किती जणांना ठाऊक आहे? देशातील पहिली हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ साली मुंबईत सुरू झाली, ती लीलावती मुन्शी यांच्या नेतृत्वाखालील अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेच्या पुढाकाराने. स्वातंत्र्यानंतरचा तो अन्नटंचाईचा काळ होता. लीलावतीबाईंचे पती कन्हैयालाल मुन्शी १९५० ते १९५२ या वर्षांत केंद्रात अन्नमंत्री होते. देशाला सकस अन्न कसे मिळेल, या चिंतेत असलेल्या महिलांनी ही संस्था उभारली. संस्थेच्या नावात ‘उपयोजित पोषणशास्त्र’ हे शब्द आजही आहेत. म्हणजे या विद्येचा भारतीय उगम पंचतारांकित झगमगाटात नसून अन्नपूर्णेच्या सेवेत आहे. मधल्या सत्तर वर्षांत या उगमाचा विसर पडला.

शासनाच्या पर्यटन खात्याने २००५ साली ‘अतिथिदेवो भव’ ही मोहीम काढली. घोषणा उत्तम होती. परंतु अध्ययन पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यातील हे वचन आहे, याचे स्मरण कोणी ठेवले? तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील हा उपदेश म्हणजे आपले दीक्षान्त भाषणच. ज्या संस्कृतीने आतिथ्याला शिक्षणाच्या समारोपात स्थान दिले, त्या संस्कृतीच्या वारसांना आतिथ्याची उच्च पदवी कमीपणाची वाटावी, यापरते दुर्दैव ते कोणते?

ताजची साक्ष

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जिहादी दहशतवादी रक्तपात करीत होते. बाहेर पडण्याच्या वाटा ठाऊक असूनही कर्मचारी पाहुण्यांसाठी मागे थांबले. त्यांच्यापैकी अकरा जणांनी प्राण दिले. हजाराहून अधिक लोक वाचले. हे कसे घडले, याचा शोध रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी घेतला आणि डिसेंबर २०११ मध्ये तो ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त प्रसिद्ध केला. ताज समूह महानगरांऐवजी लहान गावांतील तरुणांची निवड करतो, कारण वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि पारंपरिक मूल्ये तेथे टिकून आहेत. इतरत्र वर्षभर चालणारे प्रशिक्षण तेथे दीड वर्ष चालते, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे संस्कार आणि शास्त्रशुद्ध शिक्षण, दोन्ही हवे. आपल्या घरातील हे सत्यही आपल्याला हार्वर्डच्या तोंडून ऐकावे लागले!

शेगावचा प्रबंध कोण लिहिणार?

शेगावच्या गजानन महाराज संस्थानात स्वच्छता, शिस्त आणि विनम्रता यांचा जो अनुभव भाविकांना येतो, तो भल्या भल्या हॉटेलांना साधत नाही. कर्मयोगी शिवशंकरभाऊ पाटील यांनी घडवलेल्या या व्यवस्थेत सेवेकऱ्यांची रचना कशी चालते? शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली सौरऊर्जेवर हजारोंचा स्वयंपाक करणारी यंत्रणा बसवली गेली, तिचे गणित काय? पंढरीच्या वाटेवर दिंड्या रोज मुक्काम हलवतात आणि तरीही हजारोंच्या पंगती वेळेवर उठतात, हे कसे? पदव्युत्तर प्रबंधांचे हे विषय आहेत. ते आपल्या विद्यार्थ्यांनी लिहिले नाहीत, तर उद्या एखादा परदेशी संशोधक लिहील आणि आपण त्याचे पुस्तक क्रमिक म्हणून लावू.

यासाठी पालकांनी आधी मनातील जळमटे झाडावीत. शिबिरात भोजन विभाग सांभाळलेल्या कार्यकर्त्याला या कामाची थोरवी वेगळी सांगायला नको; मग आपल्याच मुलाच्या वेळी कपाळाला आठी का? गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांचे नाव घेणाऱ्या समाजाने झाडू आणि ताट यांना हीन लेखणे हा ढोंगीपणा आहे.

देवस्थानांच्या विश्वस्तांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सेवेच्या नावाखाली शिकलेल्या तरुणाला तुटपुंज्या वेतनावर राबवाल, तर तो विमान पकडून जाणारच. सेवाभाव आणि योग्य मोबदला यांत विरोध नाही. भक्तनिवासांनी पदवीधरांना मानाने बोलवावे आणि विद्यापीठांनी अन्नछत्रांना प्रयोगशाळा मानावे.

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थातील अमृतस्नाने होतील. कोट्यवधी अतिथी गोदातीरी येतील. त्यांचे स्वागत केवळ श्रद्धेच्या बळावर होणार नाही. त्यासाठी श्रद्धेला शास्त्राची जोड देणारी शिकलेली पिढी लागेल. ती पिढी आपल्याच घरांत आहे. तिला अडवू नका.