विंचवावरचा उपचार महाडमध्ये सापडला, मग तालुक्याच्या दवाखान्यात संशोधन का होत नाही?

भात कापताना, गवताचा भारा उचलताना किंवा रात्री अंथरूण झटकताना विंचू चावतो. कोकणातल्या लाल विंचवाने तर एकेकाळी घरंच्या घरं हवालदिल केली होती. दवाखान्यात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जण दगावायचे. आता हे प्रमाण एकाच्या आसपास आलं आहे. हा बदल कुठल्या मोठ्या शहरातून आलेला नाही. तो महाडमधून आला.

डॉ. हिम्मतराव बावस्कर त्या भागात सरकारी आरोग्य केंद्रात होते. प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब, नाडी, घाम, छातीतलं पाणी असं सगळं ते लिहून ठेवत. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशावर चालतं, हे त्या नोंदींवर उभ्या राहिलेल्या कामातून पुढे आलं. पुढे 70 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. प्राझोसिनसोबत विंचवाची लसही दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यात दिसलं. 2011 मध्ये ब्रिटनच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ती चाचणी छापली.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतले आणि खेड्यातच थांबले. त्यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बाकीच्या गावांशी तुलना केली. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट'मध्ये 1999 साली हे प्रसिद्ध झालं. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई फेऱ्या मारतात, त्यामागे हेच काम आहे.

दोन्हीकडे गोष्ट एकच. डॉक्टरला नुसता उपचार येऊन भागत नाही. प्रश्न कसा मांडायचा, किती रुग्ण घ्यायचे, कोणाला कोणतं औषध हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कसं ठरवायचं, हिशेब कसा करायचा, हे सगळं शिकावं लागतं.

आता एमडी, एमएस करणाऱ्यांना संशोधन पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. प्रबंध लिहावाच लागतो. शिवाय तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. कागदावर सगळं ठीक आहे. अडचण पुढे आहे. प्रबंध बहुतेक वेळा परीक्षेपुरता होतो आणि मग कपाटात जातो. त्याचा विषय कॉलेजच्या वॉर्डातला असतो, आणि जिल्ह्यात घालवलेल्या तीन महिन्यांशी त्याचा मेळ बसत नाही. तालुक्याच्या ओपीडीत तर रांग इतकी असते की केसपेपरवर दोन ओळींपलीकडे नोंदच होत नाही. नोंद नाही, तिथे संशोधन कुठून येणार?

विषय मात्र आपल्याकडे ढीगभर आहेत. सर्पदंश आहे, उन्हाचा झटका आहे, फवारणीतली विषबाधा आहे. यवतमाळमध्ये 2017 साली फवारणीने शेतकरी आणि मजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना तिथलाच विषय प्रबंधाला दिला आणि नर्सताईंनाही नोंदी ठेवायचं शिक्षण दिलं, तर वेगळा मोठा खर्च न करता काम सुरू होऊ शकतं.

यात गावकऱ्यांचीही बाजू आहे. संशोधन म्हटलं की 'आमच्यावर प्रयोग करतात' ही भीती येते, आणि ती अगदीच खोटी नाही. म्हणूनच 2019 चे नियम आहेत. नव्या औषधाच्या चाचणीआधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. रुग्णाला त्याच्या भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईही मिळते. नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, त्यासाठी नेहमीचा उपचार अडवता येत नाही.

म्हणून कुठे अंगठा मागितला तर आधी विचारा: हे कशासाठी आहे, त्रास झाला तर जबाबदार कोण, आणि कागदाची प्रत मिळेल का? नीट शिकलेला डॉक्टर या प्रश्नांना कंटाळणार नाही. जो टाळाटाळ करेल, त्याच्या कागदावर अंगठा उठवायची घाई नको.