पेल्याची किंमत, चवीचे मोल

'किंमत' आणि 'मोल' हे शब्द व्यवहारात आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांच्यातील भेद विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यात आमची वीस-बावीस वर्षे गेली. आम्हांला मात्र तो अलीकडे एका अनपेक्षित स्थळी नव्याने उमगला. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या एका तरुण सहकाऱ्याची पीएच.डी. पूर्ण झाली आणि त्याने हट्टाने आम्हां चौघांना पुण्यातील एका मद्यगृहात नेले. बीअर जागेवरच तयार होते, अशी त्या जागेची ख्याती. काचेपलीकडे पोलादी टाक्या चकाकत होत्या. एका पेल्याला कर धरून साधारण साडेचारशे रुपये पडत होते. मेन्यूकार्ड मिटत तो सहज म्हणाला, "सर, दोन पेले म्हणजे एक तासिका." आम्ही सगळे हसलो, पण ते हसू फार टिकले नाही.

महागडी क्राफ्ट बीअर तिच्या किमतीस पात्र आहे काय, हा प्रश्न आम्ही तेव्हापासून बाळगून आहोत. मद्यपान योग्य की अयोग्य, हा वाद येथे बाजूस ठेवतो. त्याचे महत्त्व आम्ही जाणतो. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पुण्याला ही बीअर आता नवी राहिलेली नाही. २००९ साली येथे 'डूलली' सुरू झाली. या इंग्रजी शब्दाचे मूळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत आहे. तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहता पाहता गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, आणि त्यावरून 'डूलली' म्हणजे 'वेडसर' असा अर्थ रूढ झाला. एका पेल्यासाठी एवढे पैसे मोजणे हाही त्यातलाच प्रकार, असे कोणी म्हटले तर त्याला चटकन उत्तर देता येत नाही.

तरीही हिशेब मांडून पाहू. बार्लीला मोड आणून, ती भट्टीत सुकवून माल्ट करतात. कारखान्यातील स्वस्त बीअरमध्ये या माल्टच्या जोडीला तांदूळ, मका वा साखर घालून खर्च आटोक्यात ठेवता येतो. छोटा उत्पादक बहुधा माल्टवरच भिस्त ठेवतो. कडवटपणा आणि सुगंध देणारे हॉप्सचे फुलोरे बहुतांशी परदेशातून येतात, आणि सुगंधी बीअरला ते सढळ हाताने लागतात. पाचशे लिटरच्या घाण्याला राबणारी माणसे पाच हजार लिटरच्या घाण्यालाही जवळजवळ तेवढीच लागतात. म्हणून लहान घाण्यात प्रत्येक पेल्यावरचा श्रमाचा भार वाढतो. ही बीअर सहसा पाश्चराइज केलेली नसते. ती थंड ठेवावी लागते, लवकर संपवावी लागते; उरली तर नुकसान ठरलेले. त्यावर राज्याचे कर, कारण मद्य आजही वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. आणि त्यावर पुण्याच्या त्या भागातील जागेचे भाडे. हे सारे धरले की किंमत अनाठायी वाटेनाशी होते.

पण चवीचे काय? आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये मांडले. नाव झाकताच भल्याभल्यांची अभिरुची चाचपडू लागली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजण्यात आली; महाग सांगितलेली लोकांना अधिक आवडली. आम्हीही एका रविवारी घरी हा खेळ करून पाहिला. पाच सारख्या पेल्यांत पाच बीअर, आणि नावे फक्त ओतणाऱ्याला ठाऊक. पाचही चवी वेगळ्या आहेत, हे प्रत्येकाला कळले. एकीत भाजक्या कॉफीची छटा होती, तर एकीत संत्र्याच्या सालीची. मात्र सर्वांत महाग कोणती, हे एकालाही ओळखता आले नाही. आमच्यापैकी दोघांना तर सर्वांत स्वस्त बाटलीच अधिक भावली.

यातून आम्ही एवढेच समजलो की जीभ वेगळेपण ओळखते, किंमत ओळखत नाही. किंमत आपण डोळ्यांनी वाचतो आणि जिभेला सांगतो. व्यापार नेमका येथे शिरतो. स्कॉटलंडच्या ब्रूडॉग कंपनीने २०१० साली ५५ टक्के मद्यार्काची एक बीअर काढली. तिच्या अवघ्या बारा बाटल्या होत्या, त्याही मेलेल्या खारी आणि इतर लहान प्राण्यांच्या पेंढा भरलेल्या कातड्यांत बसवलेल्या. दर बाटलीमागे पाचशे ते सातशे पौंड. एवढ्या पैशांत गिऱ्हाइकाने चव घेतली की चर्चा?

याच्या अगदी उलट उदाहरण बेल्जियममधील वेस्टव्लेटरेन येथील सेंट सिक्स्टस मठाचे. तेथील साधू एकोणिसाव्या शतकापासून बीअर करतात, तीही मठाचा चरितार्थ चालण्यापुरतीच. त्यांच्या बाटलीला लेबलदेखील नसे. सारी माहिती झाकणावर. २००५ साली बीअररसिकांच्या एका संकेतस्थळाने त्यांची 'बारा क्रमांकी' जगात सर्वोत्तम ठरवली. पुढे दाराशी रांगा लागल्या. साधूंनी ना उत्पादन वाढवले, ना टंचाईचा फायदा घेऊन किंमत अवाच्या सवा चढवली. फोनवर वेळ ठरवून, मोजकेच क्रेट, आणि पुन्हा विकायचे नाहीत ही अट. काळ्या बाजारात तीच बाटली कैकपट दराने विकली गेली, ती गोष्ट वेगळी. तात्पर्य, दुर्मिळ आणि उत्तम वस्तू महागच असली पाहिजे, असा निसर्गनियम नाही.

तेव्हा आमचे मत असे. माल्ट, हॉप्स, वेळ आणि राबणारा हात यांसाठी मागितलेली किंमत रास्त आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी ती आम्ही आनंदाने देऊ. कर आणि भाडे सोसावे लागते, म्हणून सोसू. पण दुर्मिळतेचा देखावा, लेबलावरची कथा आणि 'आम्ही येथे बसतो' ही मिरवणूक यांसाठी वरचे पैसे मागितले, तर ते देण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. बाजारभावाने मिळणाऱ्या साध्या बाटलीने तहान भागत असेल, तर त्यात अभिरुचीची मानहानीही नाही.

राहता राहिली सहकाऱ्याची तासिका. त्याचा हिशेब आम्ही आधी पेल्याच्या महागाईचा म्हणून ऐकला होता. घरी परतताना वाटले, मद्य करणाऱ्याच्या कौशल्याला दाम मिळतो म्हणून आपण कुरकुरावे, हे काही खरे नव्हे. त्या समीकरणात खुपण्याजोगी बाजू दुसरी होती. सात वर्षे खपून प्रबंध लिहिलेल्या माणसाच्या एका तासाची बरोबरी दोन पेले करतात, आणि तो तासही पुढच्या वर्षी मिळेल याची खात्री नाही.

त्या रात्रीचे बिल आम्ही चौघांनी वाटून घेतले. तो रागावला, आम्ही ऐकले नाही. नव्या वर्षाच्या तासिकांसाठी त्याने पुन्हा अर्ज भरला आहे.