पाद्रीबुवांची व्याख्याने आणि आपला विवेक



पुरोहिताच्या शब्दापुढे मान तुकविण्याचे ज्यांनी निश्चयपूर्वक सोडले, त्यांनी एका पाद्र्याची विज्ञानावरील व्याख्याने का ऐकावीत, असा प्रश्न आपण मला विचाराल. प्रश्न रास्त आहे. परंतु न्यायालयात साक्षीदाराचा पोशाख पाहून साक्षीचे मोल ठरत नाही. साक्ष उलटतपासणीत टिकते की नाही, यावरून ते ठरते. हाच नियम येथे लावू या.

जॉर्ज कॉइन हे येशूसंघीय पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ. जन्म 1933, मृत्यू 2020. 1978 ते 2006 या काळात ते व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक होते. पुढे अमेरिकेतील सिरॅक्यूज येथील ले मॉइन महाविद्यालयात धर्मतत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर असताना त्यांनी विज्ञान व मानव्यविद्या यांचा मेळ घालणारी जाहीर व्याख्याने दिली. विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे आहे. आपल्या देहातील कार्बन ताऱ्यांच्या पोटात घडला. ताऱ्यांच्या पिढ्या जन्मल्या व विझल्या, तेव्हा कोठे जीवसृष्टीची सामग्री सिद्ध झाली, हे ते श्रोत्यांस समजावून सांगत. जेथे आपले ज्ञान तोकडे पडते तेथे ईश्वराला उत्तर म्हणून पुढे करू नका, असे हा पाद्री स्वतः बजावीत असे. 2005 मध्ये कार्डिनल शॉनबोर्न यांनी उत्क्रांतिवादावर आक्षेप घेतला, तेव्हा त्याचे जाहीर खंडन करणारे कॉइनच होते.

त्याहून मोलाची गोष्ट गॅलिलिओच्या खटल्याची. 1633 मध्ये धर्मन्यायालयाने त्या वृद्ध शास्त्रज्ञास दोषी ठरविले व मृत्यूपर्यंत स्थानबद्ध ठेवले. त्या प्रकरणाच्या फेरविचारासाठी 1981 मध्ये नेमलेल्या पोपच्या मंडळात कॉइन होते. 1992 मध्ये समारोप झाला, तो दोष काही धर्मशास्त्रज्ञांच्या माथी मारून. धर्मन्यायालयाचे किंवा पोप आठवे अर्बन यांचे नाव त्यात नव्हते. कॉइन यांनी या उणिवेवर लेखणी चालविली. अन्याय मान्य करावयाचा आणि अन्याय करणाऱ्याचे नाव मात्र गाळावयाचे, हा न्याय नव्हे. ही युक्ती आपल्याही परिचयाची आहे.

परंतु उलटतपासणी येथेच संपत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रॅहम पर्वत आहे. सॅन कार्लोस येथील अपाची लोक त्यास पवित्र मानतात. अमेरिकन काँग्रेसने 1988 मध्ये कायदा करून तेथे दुर्बिणींना वाट मोकळी केली. त्यांतील एक व्हॅटिकनची, 1993 मध्ये सुरू झालेली. अपाचींनी हरकत घेतली. तेव्हा पर्वत पवित्र असल्याचा विश्वासार्ह पुरावा आढळत नाही, अशा आशयाचे निवेदन 1992 मध्ये कॉइन यांनी काढले. अपाचींचा दावा 1994 मध्ये वरिष्ठ न्यायालयातही टिकला नाही. तो आणण्यास विलंब झाला, असे कारण देण्यात आले.

कोणीही स्वतःच्या दाव्यात न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे. ज्याला पर्वतावर दुर्बीण हवी, त्यानेच पर्वताच्या पावित्र्याचा निवाडा द्यावा काय? ज्यांचा इतिहास आजीच्या तोंडून नातवाकडे येतो, त्यांच्याकडे लेखी दस्तऐवज मागणे आणि तो नाही म्हणून त्यांची साक्ष नाकारणे, यात मानव्यविद्या कोठे राहिली? मी पर्वतपूजेची वकिली करीत नाही. पर्वतास देव मानणे मला पटत नाही. तथापि ज्यांचे ते श्रद्धास्थान आहे, त्यांचे म्हणणे समान प्रतिष्ठेने ऐकले जाण्याचा हक्क माझ्या पटण्या-न पटण्यावर अवलंबून नाही.

तेव्हा आपल्या मुलामुलींना अशी व्याख्याने अवश्य ऐकवा. ताऱ्यांचे ज्ञान कोणा एका धर्माची मिरास नाही. मात्र व्याख्यान संपल्यावर उभे राहून प्रश्न विचारण्यासही शिकवा. वक्त्याचे खरे ते घ्यावे आणि चुकले ते नाव घेऊन सांगावे. कॉइन यांनी आपल्या चर्चला हेच ऐकविले. तोच मापदंड त्यांनाही लागू होतो, आणि आपल्यालाही.